दोन पाट्या गोवऱ्या

लेहच्या पश्चिमेला, सिंधूला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी एक लहानसं गाव आहे. या मुलखाला लडाखी लोक शाम म्हणतात. उंची बारा हजार फुटांच्या आसपास. उन्हाळ्यात इथे जवाची हिरवी शेतं असतात, पॉपलरच्या रांगा असतात; जानेवारीत सगळं तपकिरी नाहीतर पांढरं. त्या दिवसांत नजरेत भरतात ते घरांच्या सपाट माळवदांवर रचलेले ढीग. विलोच्या फांद्या, वाळलेल्या गोवऱ्या, गुरांसाठी सुकवलेलं गवत. कुणाचा ढीग किती उंच, यावरून त्या घराचा हिवाळा कसा जाईल ते गावाला कळतं.

या गावात एक बाई राहायची. सगळे तिला आमा-ले म्हणायचे. घरात तिची म्हातारी सासू होती, तिला आबी-ले म्हणत. आणि हिवाळ्याच्या लांब सुट्टीत लेहच्या शाळेतून परतलेली मुलगी. नवरा सैन्याचं सामान वाहण्याच्या कामावर दूरच्या ठाण्यावर असायचा.

गावातली घरं पाळीपाळीने पाहुणे ठेवत. लडाखमध्ये ही पद्धत २००२ च्या सुमारास हिमबिबट्याच्या रक्षणाचं काम करणाऱ्या लोकांनी नीट रुजवली. हिमबिबट्या, ज्याला इथे शान म्हणतात, गोठ्यात शिरला की एका रात्रीत शेळ्यामेंढ्या मारून टाकतो, आणि मग गावकरी त्याला मारत. त्याच जनावराला बघायला येणाऱ्या माणसाचे पैसे थेट गावाच्या हातात पडले तर ते जनावर जगेल, असा त्यामागचा साधा विचार. तो खरा ठरला. शान दिसण्याचा हंगाम मात्र ऐन थंडीतला, जानेवारी ते मार्च. रात्री बाहेर उणे पंधरा, उणे वीस. म्हणजे पाहुणा येतो तोच घराची सर्वांत कठीण परीक्षा घेणाऱ्या दिवसांत.

त्या वर्षी आमा-लेची पाळी होती आणि पुण्याहून फोन आला. पन्नाशीतले नवरा-बायको, नवऱ्याला प्राण्यांचे फोटो काढायची आवड. जानेवारीच्या शेवटी पाच रात्री राहायचं होतं.

“खोली गरम असेल ना?” त्यांनी विचारलं.

“हो सर, गरम.”

“रात्रभर?”

“काही काळजी करू नका, सर.”

पैसे आले. दोघांनाही समाधान वाटलं.

या बोलण्यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. बाहेर उणे सतरा असताना आत पाण्याचा बर्फ झाला नाही, अंगावर दोन जाड रजया आहेत आणि पोटात गरम थुक्पा आहे, तर माणूस सुखी आहे, असा आमा-लेचा जन्मभराचा अनुभव. पुण्याच्या पाहुण्याच्या डोळ्यांपुढे हॉटेलातली खोली होती, जिथे स्वेटर काढून झोपता येतं. शिवाय आमा-लेच्या घरची रीत अशी की पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. त्याला चहा नको असला तरी पेला रिकामा राहू द्यायचा नाही. मग तो ऊब मागत असताना “एवढीच मिळेल” असं कसं म्हणायचं?

पाहुण्यांसाठी तिनं वरच्या मजल्यावर एक खोली बांधली होती. अनेक उन्हाळ्यांची कमाई त्यात गेली होती. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, लागून न्हाणीघर, उत्तरेला भली मोठी काच आणि काचेतून समोर बर्फाचं शिखर. जूनमधले पाहुणे या खोलीवर खूष असत. पण थंडीचा विचार करणारं जुनं लडाखी घर असं नसतं. त्याच्या भिंती उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या, चांगल्या जाड. उत्तरेला खिडकी जवळजवळ नाहीच. मोठ्या खिडक्या दक्षिणेला. डिसेंबरअखेरीस इथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून आलेलं ऊन खोलीत खोलवर, मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. मातीची भिंत ते दिवसभर साठवते आणि रात्री हळूहळू परत देते. फेलिक्स त्रोंब या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी भिंत, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला काळा रंग देऊन तिच्यापुढे काच लावायची, ही लडाखमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि टिकली, कारण घरातल्या जुन्या शहाणपणाशी ती जुळणारी होती. आमा-लेच्या नव्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. तिथे ऊन येत नव्हतं आणि आलेली ऊब थांबत नव्हती.

पहिल्या रात्री तिनं आठ वाजता बुखारी पेटवली. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, तिला छतातून बाहेर जाणारं धुराडं. पत्रा लगेच तापतो आणि लगेच निवतो. साडेआठला पाहुण्यांनी स्वेटर काढले. नऊला फार उकडतं म्हणून खिडकी किलकिली केली. दहाला गोवऱ्या संपल्या. दोन वाजता काचेजवळ ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठलं. पाहुणा उठला, लेहच्या बाजारातून आणलेला दोन हजार वॅटचा हीटर त्यानं लावला, आणि खालचं मुख्य बटण पडून सगळं घर अंधारात गेलं.

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, “दीदी, आम्ही पैसे मोजलेत. तुम्ही गरम म्हणाला होतात.”

आवाज चढवून बोलला नाही तो. पण आमा-लेचे कान तापले. ती काहीच बोलली नाही. पाहुण्याच्या बायकोनं “अहो, असू दे” म्हटलं, तेही तिला लागलं.

दुसऱ्या रात्री आमा-लेनं पाच पाट्या गोवऱ्या आणि फांद्या वर नेल्या. बारा वाजता उठून बुखारी भरली, दोनला भरली, चारला भरली. दर वेळी दार वाजे, पत्रा खडखडे, पाहुणे दचकून उठत. पाहुण्याजवळ छोटा तापमापक होता. त्यावर अकरा वाजता २२ अंश दिसले, पावणेदोनला नऊ, सव्वादोनला पुन्हा वीस. एकदा घाम, एकदा हुडहुडी. त्या रात्री घरात कुणालाच झोप लागली नाही. सगळ्यांत जास्त खर्चाची रात्र तीच, आणि सगळ्यांत वाईटही तीच.

सकाळी आबी-ले काठी टेकत माळवदावर गेली. दिवसाला दोन पाट्या, या हिशोबाने रचलेला ढीग एप्रिलपर्यंत पुरायचा होता. एका रात्रीत अडीच दिवसांचं इंधन गेलं होतं. ही गोवरी बाजारात मिळत नाही. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांत जातात तेव्हा बायका तिथे राहून शेण गोळा करतात, उन्हात वाळवतात, पाठीवरून खाली आणतात. विलोची फांदी तोडली की त्याच झाडाकडे पुन्हा काही वर्षं बघायचं नसतं. गॅसची टाकी गावात असते. पण हिवाळ्यात झोजी खिंडीची वाट बर्फानं अडली की टाकी जपून वापरायची असते, ती स्वयंपाकासाठी. वीज पूर्वीपेक्षा बरी आहे. २०१९ मध्ये श्रीनगर ते लेह मोठी वीजवाहिनी सुरू झाली. तरी गावातल्या शेवटच्या खांबावरून मोठा हीटर चालेल एवढा दाब संध्याकाळी असेलच असं नाही.

आबी-ले सुनेला काही बोलली नाही. तिनं फक्त पाट्या मोजल्या.

तिसऱ्या संध्याकाळी पाहुण्यालाच वाईट वाटलं. बाई रात्री तीनतीनदा उठते हे त्यानं पाहिलं होतं. तो भल्या मनानं म्हणाला, “तुम्ही उठू नका, दीदी. झोपताना एका घमेल्यात निखारे भरून खोलीत ठेवा. आम्ही दार-खिडकी घट्ट लावून घेतो, फटीत टॉवेल कोंबतो. सकाळपर्यंत ऊब राहील.”

आमा-लेला हे धोक्याचं आहे हे ठाऊक होतं. प्रत्येक हिवाळ्यात पहाडात कुठे ना कुठे असं घडलेलं कानावर येतं. पण दोन दिवस ती खाली मान घालून वावरत होती; आता नाही म्हणण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं घमेलं भरलं आणि जिना चढू लागली.

वरच्या पायरीवर आबी-ले उभी होती.

“ठेव खाली.”

“पाहुण्यांनी मागितलंय, आबी-ले.”

म्हातारीनं घमेलं तिच्या हातातून घेतलं, माळवदाच्या कडेला गेली आणि सगळे निखारे खाली बर्फात ओतले. मग पाहुण्यांच्या दारात आली. आयुष्यात तिनं पाहुण्याशी तोडून बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. तिच्या मोडक्या हिंदीत ती म्हणाली, “निखारा खोलीत नाही. मागितला तरी नाही. या घरातून पाहुणे चालत जातात.”

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. धुमसत्या निखाऱ्यातून तो निघतो. बंद खोलीत साठतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधी त्याची शुद्ध जाते. बारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी, म्हणजे श्वासाला प्राणवायू आधीच थोडका. हे पाहुण्याला शाळेत कधीतरी शिकवलेलं होतं. त्या क्षणी ते आठवलं आणि तो मटकन खाटेवर बसला.

“या,” आबी-ले म्हणाली. “खाली या.”

खाली स्वयंपाकघर होतं. लडाखी घरातली सर्वांत मोठी आणि मानाची जागा. मधोमध नक्षीची चूल, मागे फडताळांवर ओळीनं मांडलेली तांब्यापितळेची भांडी, भिंतीलगत गाद्या, पुढे बुटकी मेजं. दिवसातून दोनदा जेवायला पाहुणे तिथे येत होतेच. पण आता रात्र होती आणि भिंतीलगत तीन अंथरुणं घातलेली होती.

पाहुण्याच्या बायकोनं विचारलं, “तुम्ही सगळ्या इथेच झोपता?”

“हिवाळाभर,” आमा-ले म्हणाली. तिला लाज वाटली. “एक चूल, सगळी माणसं. तुम्हाला इथे कसं सांगणार? तुम्ही पैसे देता.”

“आणि आम्हाला वाटत होतं, तुमच्या खोल्या उबदार आहेत आणि आमचीच तेवढी गार.”

आमा-ले चकित होऊन तिच्याकडे बघत राहिली. हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता.

आबी-ले चुलीपाशी बसली. तिनं गुरगुर चहा ओतला आणि बोलली ते सुनेकडे बघून. नातीनं ते पाहुण्यांना हिंदीतून सांगितलं. “थंडीचा राग कुणाला येत नाही. ती आकाशातून येते. राग येतो तो थंडी नाही असं सांगितल्यावर वाजलेल्या थंडीचा. तू त्यांना बर्फापासून वाचवायला गेलीस आणि खरं सांगायचं तेवढं टाळलंस. आपल्याकडे ऊब दोन पाट्यांची आहे. दोन पाट्या म्हणून सांग. ज्याला पुरेल तो येईल.” मग पाहुण्याकडे वळून ती म्हणाली, “आणि तुम्ही विचारताना गरम आहे का, एवढंच विचारलंत. किती, कुठे, किती वाजेपर्यंत, ते विचारायचं होतं.”

पाहुण्यानं मान डोलावली. त्याच्या बॅगेत चांगली लोकरीची आतली कापडं होती. तीन दिवस ती बाहेर डोंगरावर वापरून खोलीत आल्यावर तो काढून ठेवत होता. खोलीत एवढे कपडे घालायचे म्हणजे पैसे वाया गेले, असं त्याला वाटत होतं.

माझ्या मते या गोष्टीतली खरी अडचण इथेच होती. दोघं मिळून एक मोठी रिकामी खोली तापवत होते, आणि तापायला हवी होती ती दोन माणसं.

त्या रात्री पाहुणे चुलीपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी आमा-लेनं जुन्या घरातली दक्षिणेची खोली रिकामी केली. तिथे जवाची पोती होती. ती हलवली, पडदे सकाळी नऊला उघडले, चार वाजता ऊन डोंगरामागे जाताच जाड पडदे ओढून घेतले. खोली लहान होती आणि काचेतून शिखर दिसत नव्हतं, समोर फक्त शेजाऱ्याचा गोठा. जेवण आणि गप्पा रात्री नऊपर्यंत स्वयंपाकघरात. बुखारीत एकच पाटी, तीही झोपण्याआधी तासभर. मग रजईत पायांशी गरम पाण्याची पिशवी. दोन लिटर पाणी पुरतं. ते चुलीवर तसंही तापत असतं आणि या उंचीवर ९० अंशांच्या आतच उकळतं. पहाटे पाहुण्यानं तापमापक पाहिला. खोलीत सात अंश. बाहेर उणे सतरा. बावीस अंशांत जो माणूस तळमळत होता, तो सात अंशांत सहा तास झोपला होता, कारण ऊब रात्रभर एकसारखी होती आणि किती मिळणार ते त्याला आधीपासून ठाऊक होतं.

शान काही त्यांना दिसला नाही. पाऊलखुणा दिसल्या.

निघताना पाहुण्यानं जादा जळलेल्या पाट्यांचे पैसे पुढे केले. आमा-ले हात मागे घेऊ लागली. आबी-ले म्हणाली, “घे. गोवरी फुकट येत नाही. आणि तुलाही कळू दे, त्यांनाही कळू दे, एका पाटीची किंमत काय.”

ते गेल्यावर मुलीनं वहीचा कागद फाडला आणि तिघी चुलीपाशी बसल्या. पैसे घेण्याआधी पाहुण्याला काय सांगायचं ते लिहायचं होतं. आमा-ले सांगत गेली, मुलगी हिंदीत लिहीत गेली. स्वयंपाकघर रात्री नऊपर्यंत उबदार असतं आणि ते तुमचंही आहे. खोलीत पहाटे पाच ते आठ अंश असतील. बुखारीसाठी संध्याकाळी एक पाटी घरची. त्याहून हवी तर तिचे वेगळे पैसे, पण रात्री दहानंतर आम्ही उठणार नाही. नळ गोठलेला असतो, सकाळी एक बादली गरम पाणी मिळेल. विजेचा हीटर आणू नका, इथली वायर तो सोसत नाही. निखारा खोलीत मिळणार नाही, कितीही विनंती केलीत तरी. लोकरीची आतली कापडं आणा आणि ती घरातही घाला.

“एवढं वाचून कोण येईल?” आमा-लेनं विचारलं.

ती भीती खोटी नव्हती. पुढच्याच आठवड्यात मुंबईहून एकाचा फोन आला. चौघं होते, सात रात्री. आमा-लेनं कागद हातात धरून सगळं वाचून दाखवलं. पलीकडचा माणूस थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “बरोबर आई आहे. तिला हे झेपणार नाही. आम्ही लेहमध्येच हॉटेल बघतो.” सात रात्रींचे पैसे गेले. दोन दिवस आमा-ले त्या पैशांचा हिशोब मनात करत होती. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाचा पुन्हा फोन आला: जूनमध्ये खोली मिळेल का, शिखराच्या बाजूची? मिळेल, ती म्हणाली, आणि तारीख लिहून घेतली. त्यांच्या आईला जानेवारीत आणून त्या सिमेंटच्या खोलीत झोपवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला करवत नाही.

फेब्रुवारीत आलेले दोघे आधीच सगळं ऐकून आले होते. आल्या आल्या त्यांनी बूट काढले, चुलीपाशी बसले आणि विचारलं, “आमची पाटी कुठली?” एवढंच. त्यांच्या चार रात्रींत कुणी कुणाला ओशाळवाणं केलं नाही.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या घरांत गिझर किती वाजेपर्यंत आणि एसी किती तास, यावरून जी धुसफुस चालते ती मी पाहिली आहे. तिथे जीव जात नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहते. भाडं किती ते पहिल्याच वाक्यात सांगतात. पाणी आणि वीज कशी मिळेल हे मात्र पोरीनं सामान लावल्यावर तिला हळूहळू कळू देतात.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमा-लेनं दक्षिणेच्या खिडक्यांबाहेर लाकडी चौकट बसवून घेतली, हिवाळ्यात तिच्यावर जाड प्लास्टिक ताणण्यासाठी. असं केलं की खिडकी आणि प्लास्टिक यांच्यामध्ये ऊन कोंडलं जातं. वसंतात ते काढून ठेवायचं. उत्तरेची खोली तिनं ऑक्टोबर ते एप्रिल कुलूप लावून बंद ठेवायची ठरवली.

हिवाळ्याआधी पाहुणे ठेवणाऱ्या घरांची बैठक झाली तेव्हा मुलीनं तो कागद वाचून दाखवला. काहींना तो आवडला नाही. एक जण म्हणाला, आमचं घर मोठं आहे, आम्ही गरमच सांगणार. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “मग तुमचा पाहुणा दुसऱ्या रात्री पाळीनं माझ्याकडे आला की त्याला मी काय सांगू?” त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की सगळ्या घरांनी एकच मजकूर सांगायचा, खोलीच्या पहाटेच्या अंशांचा आकडा मात्र प्रत्येकानं आपापल्या घरात मोजून घालायचा. जादा पाटीचा दर सगळीकडे सारखा राहील. आणि आबी-लेच्या आग्रहावरून आणखी एक गोष्ट लिहिली गेली: जो जादा पाटीचे पैसे घेईल, त्यानं ती पाटी संध्याकाळी पाचच्या आत पाहुण्याच्या दारापाशी भरून ठेवायची.